लामिया: लेकरं गमावलेली राणी

इ. स. पूर्व ३०८ च्या सुमारास उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या कायरीनी शहरातून एक फौज पश्चिमेला निघाली. दहा हजारांवर पायदळ, सहाशे घोडेस्वार, शंभर रथ. अलेक्झांडर जाऊन पंधरा वर्षं झाली होती, त्याचे सरदार राज्याच्या तुकड्यांसाठी एकमेकांवर तुटून पडत होते, आणि अशा फौजांची ये-जा कुणाला नवी नव्हती. नवल होतं ते या फौजेच्या मागून चाललेल्या लोकांचं. आणखी दहा हजार माणसं, लढाईशी संबंध नसलेली. त्यांतल्या कित्येकांनी बायकामुलं आणि घरातलं होतं-नव्हतं ते सामान बरोबर घेतलं होतं. सिसिलीत जन्मलेला इतिहासकार डायोडोरस लिहितो, की ही स्वारी नसून नवं गाव वसवायला निघालेली वस्तीच आहे असं पाहणाऱ्याला वाटावं.

फौजेचा प्रमुख होता ऑफेलास, अलेक्झांडरचा जुना सरदार. झेलम नदीवर अलेक्झांडरने जो ताफा उभा केला होता, त्यातल्या एका जहाजाची जबाबदारी त्याच्याकडे होती. भारतातून परतलेला हा माणूस पुढे कायरीनीचा धनी झाला. त्याला निरोप आला सिराक्यूजचा हुकूमशहा अगाथोक्लीस याच्याकडून. अगाथोक्लीस तेव्हा कार्थेजशी लढायला आफ्रिकेत उतरला होता. मदतीला ये, कार्थेज पडलं की लिबिया तुझा, मला सिसिली पुरे, असा तो सौदा. ऑफेलासची बायको युथिडिकी अथेन्सची, मॅरेथॉनच्या लढाईतल्या मिल्टायडीसच्या घराण्यातली. त्या सोयरिकीमुळे अथेन्समधून माणसं मिळवणं सोपं गेलं. सततच्या लढायांनी ग्रीस खंक झाला होता, आणि कार्थेजची सुपीक जमीन कानावर पडताच अनेकांनी घरदार गुंडाळलं.

अठरा दिवसांत तीन हजार स्टेडिया, म्हणजे साधारण साडेपाचशे किलोमीटर चालून ही माणसं ऑटोमाला नावाच्या ठिकाणी मुक्कामाला थांबली. तिथे दोन्ही बाजूंनी तुटलेला डोंगर होता, मध्ये खोल दरी, आणि दरीतून सरळ वर गेलेला एक गुळगुळीत सुळका. सुळक्याच्या पायथ्याशी मोठी गुहा होती, वेलींनी झाकलेली. स्वारीची हकिकत सांगता सांगता डायोडोरस इथे थांबतो, कारण ही गुहा लामियाची. तिचं नाव काढलं की ग्रीक पोरं रडायची थांबत. आणि तिच्याजवळच त्या रात्री शेकडो मुलं झोपली असतील.

डायोडोरस कथा सांगतो ती अशी. लामिया लिबियाची राणी होती, रूपाने अतिशय देखणी. तिची सगळी मुलं एकामागून एक गेली. त्या दुःखाने ती पिचली आणि दुसऱ्या बायकांच्या भरल्या ओट्या तिला बघवेनात. मग तिने फर्मान काढलं, की नवजात बाळं आयांच्या कुशीतून ओढून आणावीत आणि मारून टाकावीत. तिच्या मनातलं क्रौर्य हळूहळू तोंडावर उतरलं आणि ती जनावरासारखी दिसू लागली. ती भरपूर पिऊन पडायची, तेव्हा राज्यात कुणी काय करतंय याकडे तिचं लक्ष नसे. म्हणून लोक म्हणू लागले, की ती डोळे काढून भांड्यात टाकते. डायोडोरस समंजस लेखक आहे. चमत्कार दिसला की त्याच्या मुळाशी साधी गोष्ट काय असेल हे तो शोधतो, आणि हा दारूचा खुलासा त्याच शोधातून आला आहे.

पण डोळ्यांची ही गोष्ट ज्यांनी पहिल्यांदा सांगितली, त्यांना दारू सांगायची नव्हती. ऑफेलासच्याच काळात सामोस बेटावर ड्युरिस नावाचा इतिहासकार होता, पुढे त्या बेटाचा सत्ताधीशही झाला. लिबियाच्या इतिहासावर त्याने लिहिलेलं पुस्तक हरवलं, पण अथेन्सचा विनोदी नाटककार ॲरिस्टोफेनिस याच्या नाटकावर टीपा लिहिणाऱ्यांनी त्याचा आधार दिला आहे. त्या टीपांमधली लामिया बेलस आणि लिबिया यांची मुलगी. देवांचा राजा झ्यूस तिच्यावर भुलला. हे त्याची बायको हेरा हिला कळलं आणि लामियाला झालेलं प्रत्येक मूल तिने मारलं. शोकाने लामियाचं रूप गेलं आणि ती दुसऱ्यांची लेकरं पळवू लागली. हेराचं एवढ्यावर समाधान झालं नाही. तिने लामियाची झोप काढून घेतली, म्हणजे दिवस-रात्र एक क्षणही दुःख विसरता येऊ नये. अखेर झ्यूसला दया आली. लामियाला स्वतःचे डोळे काढून बाजूला ठेवता येतील आणि पुन्हा बसवता येतील असा वर त्याने दिला.

संपूर्ण ग्रीक पुराणांत इतकी अचूक कल्पना मला क्वचितच दिसते. मूल गेलेल्या बाईला झोप लागत नाही, हे ज्याने पाहिलं आहे त्यालाच हे सुचू शकतं. देवांचा राजासुद्धा तिची मुलं परत देऊ शकत नाही, बायकोचा शाप उलटवू शकत नाही. तो फार तर तिला थोडा वेळ न दिसण्याची सोय करून देतो. पुढच्या दोन हजार वर्षांत ही कथा कुणी कुणी उचलली आणि तिचं काय केलं ते पाहताना मी या डोळ्यांवर लक्ष ठेवतो. त्यांच्यामागची दया सगळ्यात आधी गळून पडली.

लामिया ग्रीक घरांत राहिली ती पोरांना धाक घालण्यापुरती. भूगोल लिहिणारा स्ट्रेबो मुलांना घाबरवणाऱ्या नावांची यादी देतो, त्यात गॉर्गो, एफिआल्टीस आणि मॉर्मोलिकी यांच्याबरोबर लामिया आहे. रोमन कवी होरेस नव्या लेखकांना बजावतो, की जेवण झालेल्या लामियाच्या पोटातून जिवंत पोर बाहेर काढू नका. वाचकाचा विश्वास बसेल एवढंच लिहा. म्हणजे रोममध्येही आया-आज्या ही गोष्ट सांगत होत्या आणि तीत लामियाचं पोट फाडून मूल सुखरूप निघत होतं. अथेन्सच्या रंगभूमीवर तर ती हसण्याचा विषय झाली. इ. स. पूर्व ४२२ मध्ये ॲरिस्टोफेनिसने आपला वैरी, राजकारणी क्लिऑन, याला राक्षस म्हणून रंगवलं तेव्हा त्या राक्षसाला त्याने लामियाचे घाणेरडे अवयव जोडले. पुढच्या वर्षीच्या नाटकात तेच वर्णन पुन्हा वापरलं. प्रेक्षक पोट धरून हसले असणार. हीच नावं ऐकत ते लहानाचे मोठे झाले होते.

घरात या नावाची भीती टिकली त्यामागे मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. ॲरिस्टॉटल प्राण्यांविषयीच्या ग्रंथात सहज नोंदवून जातो, की बहुतेक अर्भकं सातव्या दिवसाच्या आत दगावतात, म्हणून नाव त्यानंतर ठेवतात. तोवर मूल जगेलसं वाटू लागतं. अथेन्समध्ये जन्मानंतर पाचव्या किंवा सातव्या दिवशी बाळाला घेऊन चुलीभोवती फिरत, आणि दहाव्या दिवशी बारसं. त्या आधी गेलेलं मूल नावाशिवायच जाई. ते कशाने गेलं याचं उत्तर कुणाकडे नव्हतं. लेस्बॉस बेटावर या प्रश्नाला गेलोचं नाव दिलं जाई. ही गेलो लग्नाआधीच अकाली मेलेली मुलगी. तिचं भूत दुसऱ्यांच्या बाळांभोवती घिरट्या घालतं असा समज होता, आणि कवयित्री सॅफोच्या काव्यात तिचा उल्लेख आहे. मूल न झालेली गेलो आणि मुलं गेलेली लामिया. ग्रीक लोकांनी बाळं नेणारी म्हणून ज्या दोघींकडे बोट दाखवलं, त्या दोघींचीही कूस रिकामी होती.

अशी कथा वेगळ्या वाटेनेही जाऊ शकते, आणि ती वाट आपल्या ओळखीची आहे. राजगृहातली हारीती लोकांची मुलं खाई. बुद्धाने तिच्या पाचशे मुलांतलं धाकटं भिक्षापात्राखाली लपवलं, ती वेडीपिशी होऊन शोधत आली, आणि एक मूल हरवल्यावर आईचं काय होतं हे तिला कळलं. त्यानंतर ती मुलांची राखण करणारी झाली. गांधारच्या कारागिरांनी तिला घडवताना ग्रीक भाग्यदेवतेच्या हातातलं फळाफुलांनी भरलेलं शिंग तिच्या हाती दिलं. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात ती नवरा पांचिक याच्याशेजारी बसली आहे, अवतीभवती मुलं आहेत. तिथल्या कथाकारांनी आईच्या दुःखातून राक्षसिणीला माणसात आणलं. ग्रीसमध्ये त्याच दुःखाने राणीला माणसांतून उठवलं.

आता पुन्हा ऑटोमालाच्या मुक्कामाकडे जायला हवं, कारण त्या मुलांचं पुढे काय झालं हे डायोडोरस सांगतो. गुहेपाशी त्यांना काही झालं नाही. तिथून पुढे निर्जळ वाळवंट लागलं. पाणी संपलं, अन्न संपत आलं, आणि वाळूच्याच रंगाच्या विषारी सापांवर पाय पडून माणसं मेली. दोन महिन्यांहून जास्त काळ हाल सोसून ही माणसं अगाथोक्लीसच्या छावणीजवळ पोचली. त्याने स्वागत केलं, रसद पुरवली, आणि ऑफेलासचे बरेचसे सैनिक चारा-दाणा आणायला पांगल्याचं पाहून हल्ला चढवला. ऑफेलास लढता लढता मारला गेला. नेता गेलेल्या फौजेला बक्षिसांची आश्वासनं देऊन अगाथोक्लीसने आपल्यात सामील करून घेतलं. उरली बिनकामाची माणसं. त्यांना मालवाहू जहाजांत भरून त्याने सिराक्यूजकडे रवाना केलं. वाटेत वादळ उठलं. काही जहाजं बुडाली, काही इटलीजवळच्या पिथेकुसाय बेटांकडे फेकली गेली, आणि सिराक्यूजला पोचलेले थोडेच होते. अगाथोक्लीसच्या नावाने मुलांना कुणी भीती घातल्याचं मात्र कुठे नोंदलेलं नाही.

विधवा युथिडिकी अथेन्सला परतली आणि तिने दुसरं लग्न केलं, ते डिमीट्रियसशी. शहरांना वेढे घालण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, आणि अथेन्सने त्याला जिवंतपणी देवाचे मान दिले. इ. स. पूर्व ३०६ मध्ये सायप्रसमधल्या सॅलॅमिसच्या समुद्रयुद्धात त्याने इजिप्तच्या टॉलेमीचा पराभव केला. लुटीत टॉलेमीच्या गोटातल्या बायका हाती लागल्या. त्यांत एक नावाजलेली बासरीवाली गणिका होती. वयाने ती डिमीट्रियसपेक्षा मोठी, तारुण्य ओसरू लागलेलं, पण त्याने तिला पाहिलं आणि तो तिचाच झाला. तिचं नाव लामिया.

हे नाव तिने का घेतलं असेल याचा विचार मी पुष्कळ केला आहे. पुरुषांना खाऊन टाकणारी, असा दबदबा गणिकेच्या धंद्यात उपयोगाचाच. अथेन्सकरांना तर आयतंच मिळालं. शहराकडून डिमीट्रियसने अडीचशे टॅलेंट, म्हणजे सहा हजार किलोंहून जास्त चांदी, तातडीने वसूल केली आणि ती लामिया व तिच्या सोबतिणींना साबणासाठी देऊन टाकली, अशी हकिकत चरित्रकार प्लुटार्कने दिली आहे. तो पुढे म्हणतो, की पैशाच्या तोट्यापेक्षा तो अपमान लोकांना जास्त झोंबला. एका विनोदी नाटककाराने तिला ‘शहर जिंकणारी’ म्हटलं. डिमीट्रियसच्या वेढ्यातल्या अवाढव्य यंत्राचं नाव तेच होतं. सोलीचा डेमोखारीस तर डिमीट्रियसलाच ‘दंतकथा’ म्हणू लागला, कारण दंतकथेसारखी त्याच्याकडेही एक लामिया होती. आणि लायसिमाकस राजाने सिंहाशी झालेल्या झुंजीत मांड्यांवर आणि दंडांवर उमटलेले वण डिमीट्रियसच्या वकिलांना दाखवले, तेव्हा ते हसून म्हणाले, आमच्या राजाच्या मानेवरही एका भयंकर श्वापदाच्या दातांच्या खुणा आहेत.

या हसण्याखाली खरी लामिया दिसेनाशी होते. सिक्यॉन शहरात तिने चित्रांनी सजवलेला मोठा सभामंडप बांधून दिला, आणि डिमीट्रियसपासून तिला मुलगी झाली. शहराची लूट डिमीट्रियसने केली, मंजुरी अथेन्सच्या सभेने दिली, देवीच्या देवळात त्याला राहायला जागाही त्यांनीच दिली. पण राग धरायला त्यांना ती बासरीवाली सोपी वाटली. लामियाने पाळण्यातून शयनगृहाकडे जाण्याची सुरुवात मला इथे दिसते. तिचं भक्ष्य आता अर्भक राहिलं नाही, तरुण पुरुष झाला.

रोमन साम्राज्यात हे रूप पक्कं झालं. इसवी सनाच्या पहिल्या शतकातला वक्ता डायो क्रिसोस्टम लिबियातल्या एका श्वापदाची गोष्ट सांगतो: वरून सुंदर स्त्री, खालून सर्प. ती उघडे स्तन दाखवून पुरुषांना जवळ बोलावते आणि आले की खाते. वासना कशी गिळते याचा दाखला म्हणून त्याने ती सांगितली. त्यापुढची गोष्ट ग्रीक लेखक फिलोस्ट्रेटसची. तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला, सम्राज्ञी ज्युलिया डोम्ना हिच्या सांगण्यावरून, त्याने टायाना गावच्या अपोलोनियस या साधुपुरुषाचं चरित्र लिहायला घेतलं. हा अपोलोनियस तक्षशिलेवरून पुढे जाऊन ब्राह्मणांकडे शिकून गेल्याचं त्या चरित्रात आहे. त्यातला कॉरिंथमधला प्रसंग असा:

मेनिप्पस नावाचा पंचवीस वर्षांचा देखणा शिष्य बंदराच्या रस्त्याने एकटा चालला असताना त्याला एक श्रीमंत फिनिशियन बाई भेटते. हात धरून म्हणते, माझा तुझ्यावर कधीचा जीव आहे. घर, गाणं, उंची मद्य, लग्न ठरतं. लग्नाच्या जेवणाला अपोलोनियस बोलावल्याशिवाय येतो आणि विचारतो, ही सोन्याचांदीची भांडी कुणाची? बाईची, असं मेनिप्पस सांगतो. मग अपोलोनियस सगळ्यांसमोर सांगतो, की ही बाई नाही, हे भूत आहे, लोक ज्यांना लामिया म्हणतात त्यांतलं. पेले हवेत विरतात, सोनंचांदी नाहीशी होते, आचारी आणि वाढपी दिसेनासे होतात. ती रडते, मला बोलायला लावू नका म्हणून विनवते. पण तो सोडत नाही. शेवटी ती कबूल करते: खाण्यासाठीच मी त्याला खाऊपिऊ घालत होते, तरुण शरीरं मला आवडतात, कारण त्यांचं रक्त शुद्ध असतं.

फिलोस्ट्रेटस तिच्या रडण्याला सोंग म्हणतो. तिची मुलं, हेरा, न लागणारी झोप, यांपैकी काहीच या गोष्टीत उरलेलं नाही. प्रश्न विचारणारा ज्ञानी पुरुष आणि कबुली देईपर्यंत घेरलेली बाई एवढंच उरलं आहे. हा सांगाडा पुढे न्यायालयांत फार कामाला आला.

मध्ये एक अपवाद आहे आणि तो अनपेक्षित ठिकाणी आहे. चौथ्या शतकाच्या अखेरीस ख्रिस्ती पंडित जेरोमने हिब्रू बायबल लॅटिनमध्ये आणलं. उजाड रानातल्या भुताखेतांच्या वर्णनात त्याने लामिया बसवली, हे समजण्यासारखं आहे. पण जेरुसलेमच्या विध्वंसावरच्या विलापगीतांतही ती येते. शहरातल्या आया उपासमारीने इतक्या निष्ठुर झाल्या आहेत, की त्यांच्यापेक्षा लामिया बऱ्या. त्या निदान आपल्या पिलांना छातीशी धरून पाजतात, असा त्या ओळीचा आशय. मठांत शतकानुशतकं ही ओळ गायली गेली. तिच्यातली लामिया दूध पाजणारी आई होती, पण भाष्यकारांनी तिचा अर्थ ढोंगी आणि पाखंडी असा लावून टाकला.

१४८५ मध्ये हाइनरिख क्रेमर नावाचा धर्मचौकशी अधिकारी तिरोलमधल्या इन्सब्रुकला आला. त्याने हेलेना शॉयबरीन आणि इतर काही स्त्रियांवर चेटकाचा खटला भरला. हेलेना तोंडाची फटकळ. क्रेमरच्या प्रवचनांना ती जात नसे आणि इतरांनाही जाऊ नका म्हणे. खटल्यात क्रेमर तिच्या शरीरसंबंधांविषयी प्रश्न विचारू लागला, तेव्हा बिशपच्या प्रतिनिधीने हरकत घेतली. कामकाज बेकायदा ठरलं, स्त्रिया सुटल्या, आणि बिशप गोल्झरने क्रेमरला गावातून निघून जायला सांगितलं. त्या अपमानानंतर क्रेमरने ‘चेटकिणींचा हातोडा’ हा ग्रंथ लिहिला. धर्माचं सर्वांत जास्त नुकसान सुइणी करतात, त्या नवजात बाळांना मारतात, खातात किंवा सैतानाला वाहतात, असं त्यात आहे. लामियाचा जुना गुन्हा आता बाळंतिणीच्या खाटेशी बसलेल्या, हातात गरम पाणी आणि कात्री घेतलेल्या खऱ्या बाईवर आला.

इन्सब्रुकच्या प्रकरणाने गोंधळलेल्या आर्चड्यूक सिगिस्मुंडने कायदेपंडित उलरिख मोलिटोरला सल्ला विचारला. त्याचं उत्तर १४८९ मध्ये पुस्तकरूपाने आलं आणि त्याच्या लॅटिन नावातच ‘लामिया’ होत्या. चेटकिणीला विद्वानांच्या भाषेत आता तोच शब्द रुळला होता. मोलिटोर क्रेमरपेक्षा सावध होता. या बायका खरोखर उडत नाहीत, सैतान त्यांना भास दाखवतो, असं तो म्हणतो. पण सैतानाला शरण गेल्याबद्दल त्यांना मृत्युदंड हवाच, असा निष्कर्षही काढतो. पुस्तकात लाकडी ठशांची चित्रं होती. मजकुरात नाकारलेलं उड्डाण चित्रांत ठसठशीत दिसत होतं: जनावरांची तोंडं असलेल्या बाया काठीवर बसून निघाल्या आहेत, दोघी जणी गारपीट आणण्यासाठी भांड्यात काहीतरी शिजवताहेत. पुस्तक पुन्हा पुन्हा छापलं गेलं, आणि वाचता न येणाऱ्यांपर्यंतही ती चित्रं पोचली.

तीनच वर्षांनी, १४९२ मध्ये, फ्लॉरेन्सला विद्वान कवी पोलित्सियानोने ॲरिस्टॉटलवरच्या व्याख्यानमालेचं पहिलं भाषण दिलं आणि त्याला नाव दिलं ‘लामिया’. लहानपणी आजीने सांगितलेल्या, रडक्या पोरांना खाणाऱ्या, रानातल्या लामिया त्याला आठवतात. मग तो प्लुटार्कचा दाखला घेतो. प्लुटार्कने डोळ्यांच्या गोष्टीचा उपयोग चोंबड्या माणसांसाठी केला होता: लामिया घरात डोळे भांड्यात ठेवून आंधळी झोपते आणि बाहेर पडताना लावते, तशी ही माणसं स्वतःच्या घरात आंधळी आणि दुसऱ्याच्या घरात डोळस. पोलित्सियानो त्याच डोळ्यांनी आपल्या टीकाकारांना चिमटे काढतो. भाषण फार सुंदर आहे. पण आल्प्सच्या एका बाजूला लामिया सभेतली कोटी होती आणि दुसऱ्या बाजूला फाशीचं कलम, हे त्याच्याबरोबर वाचलं की हसू येत नाही. आणि झ्यूसने दया येऊन दिलेली झोप दोन्हीकडे कुणाच्या लक्षात नव्हती.

१४५० ते १७५० या काळात युरोपात चेटकाच्या आरोपाखाली चाळीस ते साठ हजार माणसं मारली गेली असा इतिहासकारांचा अंदाज आहे. त्यांतल्या साधारण तीन चतुर्थांश स्त्रिया. आरोपांत कोवळ्या मुलांचे मृत्यू पुन्हा पुन्हा येतात.

या गर्दीत एक डॉक्टर उभा राहिला. योहान वायर क्लीव्हच्या ड्यूकच्या दरबारी होता. १५६३ मध्ये सैतानाच्या फसवणुकींवर त्याने मोठा ग्रंथ लिहिला आणि १५७७ मध्ये खास लामियांवर, म्हणजे चेटकीण ठरवलेल्या बायकांवर, दुसरं पुस्तक. सैतान असतो यावर त्याचाही विश्वास होता. पण जाळल्या जाणाऱ्या म्हाताऱ्या त्याने डॉक्टरच्या नजरेने पाहिल्या होत्या. त्या खिन्न, एकाकी, अर्धपोटी आहेत. त्यांना वैद्य हवा, जल्लाद नको. आणि छळ करून काढलेली कबुली काहीच सिद्ध करत नाही, असं त्याने ठामपणे मांडलं. फ्रेंच पंडित बोदँने १५८० मध्ये त्याच्यावर आग ओकली, स्कॉटलंडच्या जेम्स राजाने १५९७ मध्ये त्याला दोष दिला. लामियावर दया करणारा झ्यूस एकटाच होता. त्याच्यानंतर एवढ्या जाहीरपणे ते करणारा मला वायरच दिसतो.

कवींनी तिला परत घेतलं ते बरंच उशिरा. इंग्लंडमध्ये बर्टनने १६२१ च्या आपल्या ग्रंथात मेनिप्पसची गोष्ट थोडक्यात सांगितली होती. ती वाचून कीट्सने १८१९ मध्ये ‘लामिया’ हे दीर्घकाव्य लिहिलं. त्यात ती खरंच प्रेम करते. तिला नजरेने वितळवणारा अपोलोनियस जिंकतो, पण नवरामुलगा त्याच रात्री मरतो, आणि वाचकाचा राग साधुपुरुषाकडे वळतो. तरीही तिची मुलं कीट्सलाही आठवली नाहीत.

ग्रीसच्या खेड्यांत मात्र ती कधी पुस्तकात गेलीच नव्हती. १९१० मध्ये जॉन लॉसन या अभ्यासकाने तिथल्या समजुती नोंदवल्या, तेव्हा लामिया अजून घराघरांत होती: घाणेरडी, खादाड, मंदबुद्धी. घर नीट झाडलं नाही, तर ते लामियाचं झाडणं. आणि लहान मूल अचानक दगावलं, तर लामियाने त्याचा गळा आवळला असं म्हणत.

वीसेक वर्षांनी, १९३० च्या दशकात, अथेन्सच्या प्राचीन बाजारपेठेजवळ खोदकाम करणाऱ्या अमेरिकन पुरातत्त्वज्ञांना एक विहीर सापडली. तिच्यात सुमारे साडेचारशे अर्भकांची हाडं होती, इ. स. पूर्व दुसऱ्या शतकातली, बहुतेक सगळी जन्मानंतर काही दिवसांतच गेलेली. त्यांच्याबरोबर दीडशेच्या वर कुत्र्यांचे सांगाडे होते. एवढी मुलं एका विहिरीत म्हटल्यावर रोगराई, कत्तल, नको असलेली मुलं मारण्याची चाल, असे तर्क झाले. हाडांचा सविस्तर अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यातून निघालं ते साधं होतं. बहुतेक मुलं नैसर्गिक कारणांनी गेली होती. सुमारे एक तृतीयांश मुलांच्या कवटीत मेंदूच्या आवरणाला झालेल्या जंतुसंसर्गाच्या खुणा होत्या. अस्वच्छ पात्याने नाळ कापल्यावर असा संसर्ग होऊ शकतो. बारशाआधी गेलेल्या या मुलांना रीतसर दफन मिळत नसावं, म्हणून त्यांना तिथे आणून ठेवणाऱ्या बहुधा सुइणी असाव्यात, आणि कुत्री बाळंतपणानंतरच्या शुद्धीसाठी बळी दिलेली असावीत, असं अभ्यासकांना वाटतं.